दुर्गा खोटे यांचं मोठेपण नेमकं कशात?

प्रश्न थोडक्यात असा: "घरातली मोठी माणसं दुर्गा खोटे यांचं नाव फार आदराने घेतात. मला त्या 'बॉबी'तली आजी एवढ्याच माहीत. म्हणून 'अयोध्येचा राजा' बघायला घेतला, तर सगळंच नाटकी वाटलं आणि अर्ध्यावर सोडला. चांगल्या घरातली पहिली नटी, एवढंच त्यांचं मोठेपण आहे का? की अभिनयातही काही होतं? आणि बघायचंच तर सुरुवात कुठून करू?"

मी नाटकं बसवतो आणि नटांना आवाज, संवाद शिकवतो. त्यामुळे हे उत्तर सिनेमाच्या इतिहासकाराचं नाही, कामाकडे कारागिराच्या नजरेने बघणाऱ्याचं आहे.

आधी ते "चांगल्या घरातली पहिली" प्रकरण मिटवू. हे बिरुद मला कधीच आवडलं नाही. एकतर ते खरं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) पडद्यावर आल्या होत्या. दुसरं म्हणजे, असं म्हटलं की बाकीच्या सगळ्या नट्या आपोआप "वाईट घरातल्या" ठरतात. आणि तिसरं, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: यात त्यांच्या कामाचा पत्ताच नाही, आहे ते फक्त माहेर आणि सासर.

गंमत म्हणजे हे माहेर-सासर विकायला काढलं ते सिनेमावाल्यांनीच. दुर्गाबाई १४ जानेवारी १९०५ च्या, माहेरच्या लाड. मूळ गोव्याचं, कोकणी बोलणारं घर. वडील मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर, गिरगावात कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब. शिक्षण कॅथेड्रल शाळेत, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. शिकत असतानाच खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं, दोन मुलगे झाले, आणि मग सासरची आर्थिक घडी पार विस्कटली. बाई शिकवण्या करू लागल्या. अशात १९३१ साली मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये एक छोटं काम मिळालं. पैशांची निकड होती, त्यांनी ते घेतलं. चित्रपटाची जाहिरात झाली ती मात्र अमक्या प्रसिद्ध सॉलिसिटरची मुलगी आणि तमक्या घराण्याची सून पडद्यावर, अशी. चित्रपट सुमार निघाला, समाजाने तोंडसुख घेतलं, दोन्ही घरांची नावं चव्हाट्यावर आली. पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं एखादीने तिथेच ठरवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती.

तेवढ्यात कोल्हापूरहून 'प्रभात' फिल्म कंपनीचं बोलावणं आलं. व्ही. शांताराम 'अयोध्येचा राजा'ची जुळवाजुळव करत होते. १९३२ साली पडद्यावर आलेला हा पहिला मराठी बोलपट. हिंदीतही तो त्याच वेळी केला गेला.

आता तुम्हाला तो नाटकी का वाटला, त्याकडे येतो. अर्धवट बरोबर आहात. तो चित्रपट नाटकी आहेच. पण दुर्गाबाई नाटकातून आल्या म्हणून त्या तशा बोलतात, असा तुमचा समज असेल तर तो उलटा आहे. व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. त्या नाटकाकडे गेल्या सिनेमातून, आणि त्याही बऱ्याच नंतर.

१९३२ सालच्या मराठी प्रेक्षकाच्या कानात नायिकेचा आवाज कोणाचा होता? बालगंधर्वांचा. बाई कशी चालते, पदर कसा सावरते, कशी रडते, याचा नमुना पुरुषांनी घालून दिलेला होता. मराठी रंगभूमीवर स्त्रियांनीच स्त्रियांची कामं करायची ही गोष्ट रुळायला लागली ती 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने १९३३ साली केलेल्या 'आंधळ्यांची शाळा'च्या आसपास. म्हणजे 'अयोध्येचा राजा'तली हरिश्चंद्राची राणी तारामती उभी करताना दुर्गाबाईंपुढे गिरवायला कित्ताच नव्हता. हीच हरिश्चंद्राची कथा फाळक्यांनी १९१३ साली केली तेव्हा तारामती झाले होते अण्णा साळुंके. एकोणीस वर्षांनी तीच तारामती एका बाईच्या शरीराने आणि आवाजाने पडद्यावर आली.

हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे संगीत रंगभूमीतलं बडं प्रस्थ. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. चित्रपटात त्यांचं बोलणं ऐका: प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचं या हिशेबाने सोडलेलं, स्वर ओढलेले, वाक्याच्या शेवटी समेवर आल्यासारखा ठेका. मग बाईंचं ऐका. वाक्यं तीच पल्लेदार, पण त्या स्वर ओढत नाहीत. शब्द पुरा उच्चारतात आणि सोडून देतात. हात कमी हलतात. मान ताठ. दासी म्हणून राबतानाही राणीची पाठ वाकत नाही. हे दिग्दर्शकाने करून घेतलं की त्यांच्यात उपजत होतं, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. मला त्यात दिसते ती एक शिकलेली, घरात मान असलेली आणि नुकतेच हाल पाहिलेली सत्तावीस वर्षांची बाई. तिला दुःख मोठ्याने सांगायची सवय नाही.

यंत्रांची अडचण होती ती वेगळीच. त्या काळी आवाज आणि चित्र एकाच वेळी धरायचे. पार्श्वगायनाची पद्धत हिंदीत आली १९३५ च्या सुमाराला, त्यामुळे नटाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः गायचं आणि साजिंद्यांनी चौकटीबाहेर, माइकच्या टापूत बसून वाजवायचं. कोणाचा एक सूर हुकला तरी सगळं पहिल्यापासून. तारामतीची गाणी दुर्गाबाईंनी स्वतः गायली आहेत. त्या गायिका नव्हत्या, आणि ते लपतही नाही. पण गाताना चेहरा तारामतीचाच राहतो, गाणारीचा होत नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या दहा नटांपैकी आठांना हे जमत नाही. माइक एका जागी, कॅमेरा एका जागी, त्यामुळे नटही एका जागी. तुम्हाला खटकलेला ताठरपणा बराचसा तिथला आहे.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. स्त्रीराज्याची राणी, शेजारी पाळलेला चित्ता, समोर मच्छिंद्रनाथ झालेले पुन्हा टेंबेच आणि गोरखनाथ मास्टर विनायक. पतिव्रता तारामती आणि पुरुषांना पायाशी बसवणारी राणी, दोन्ही एका वर्षात. इथवर आलेल्या कुठल्याही नटीने 'प्रभात'चा पगार धरला असता.

दुर्गाबाईंनी तो धरून ठेवला नाही. त्यांचं मोठेपण मी जिथून मोजायला लागतो ती जागा ही.

त्या काळची पद्धत समजून घ्या. स्टुडिओ म्हणजे कारखानाच. नट-नट्या, लेखक, वादक, सुतार सगळे पगारी. कराराने बांधलेल्या नटाला बाहेर काम करायची मुभा नसे. भूमिका कोणती, किती, कधी, हे मालक ठरवणार. हा करार किती आवळायचा ते पाहायचं असेल तर शांता आपट्यांचं उदाहरण घ्या. 'कुंकू'ने देशभर नाव झालेली ही अभिनेत्री १९३९ साली कराराच्या भांडणावरून 'प्रभात'च्या फाटकापाशी उपोषणाला बसली होती! त्या जमान्यात दुर्गाबाई १९३३ मध्ये कलकत्त्याला 'न्यू थिएटर्स'मध्ये देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' करायला गेल्या. तिथेच 'ईस्ट इंडिया फिल्म कंपनी'साठी १९३४ मध्ये 'सीता' केला. तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. परदेशी महोत्सवात गेलेला हा पहिला भारतीय बोलपट. मग परत 'प्रभात'. १९३६ चा 'अमर ज्योती' हा शांतारामबापूंचाच. पुढे 'प्रकाश पिक्चर्स', 'मिनर्व्हा'. आज याला फ्रीलान्सिंग म्हणतात आणि ते सगळेच करतात. तेव्हा ते करणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या, आणि पदरी दोन मुलं होती. दर महिन्याच्या बांधील पगारावर पाणी सोडून आपली किंमत आपण ठरवायची, हे धाडस जाहिरातीतल्या "घराण्याच्या सुने"कडून कोणी अपेक्षिलं नव्हतं. १९३०च्या दशकातच त्या चित्रपटनिर्मितीतही उतरल्या.

'अमर ज्योती'वर थोडा थांबतो, कारण तुम्हाला सुरुवात करायला हाच चित्रपट सांगणार आहे. सौदामिनी नावाची बाई. कायदा तिचा मुलगा तिला देत नाही, कारण बाई म्हणजे नवऱ्याची बांधील. ती समुद्री चाच्यांची म्होरकी होते आणि त्या राज्यावरच सूड उगवायला निघते. तिच्या हाती सापडणारा मंत्री म्हणजे चंद्रमोहन, ते घारे भेदक डोळे हिंदी सिनेमात पुन्हा झाले नाहीत. त्या डोळ्यांसमोर उभं राहून दृश्य आपल्याकडे ओढायचं तर ओरडून भागत नाही. बाई काय करतात बघा: आवाज चढवायच्या जागी उतरवतात. वाक्य संपल्यावर लगेच हलत नाहीत, समोरच्याला उत्तर देणं भाग पाडतात. मी विद्यार्थ्यांना सांगत असतो की अधिकार दाखवायचा असेल तर घाई करू नका. त्याचं उदाहरण म्हणून हाच चित्रपट दाखवतो. विषयाचा शेवट आजच्या डोळ्यांना गुळमुळीत वाटेल, तो तसा आहेही. पण १९३६ साली मराठी-हिंदी पडद्यावर एवढी रागावलेली बाई दुसरी शोधून दाखवा.

पुढचा निर्णय मला त्याहून अवघड वाटतो. १९४१ साली आचार्य अत्र्यांनी 'पायाची दासी' केला, हिंदीत 'चरणों की दासी'. दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं. छळ सोसणारी सून वनमाला, आणि छळणारी सासू दुर्गाबाई. वय छत्तीस. नायिकेची गादी स्वतःहून सोडून खाष्ट सासू व्हायची, तीही अशी की प्रेक्षकांनी बोटं मोडावीत. लगेच पुढच्या वर्षी विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. त्यात सीता होत्या शोभना समर्थ. म्हणजे १९३४ ची सीता आठ वर्षांनी त्याच घरातली सावत्र सासू झाली. बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने या दोन्ही भूमिकांसाठी लागोपाठ त्यांना सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. १९४३ मध्ये सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये मृणालवती झाल्या: कर्मठ, कठोर, कैद्याला मोडायला निघालेली आणि स्वतःच मोडणारी बाई. मोदींच्या गडगडाटी आवाजापुढे टिकणं हीच एक परीक्षा.

नायिकेचं वय सरल्यावर आई व्हावं लागलं, हे बहुतेक नट्यांचं रडगाणं असतं आणि ते खोटंही नसतं. दुर्गाबाईंनी मात्र ते वय सरायच्या आधीच गाडी बदलली, आणि अशा भूमिकांकडे वळल्या की नायिका फिकी पडावी. हिंदी सिनेमातल्या "माँ"ला पुढे जे साचेबंद रूप आलं, त्यात त्याही कधीकधी अडकल्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या त्यांच्या कितीतरी भूमिकांत करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्यांनीही त्या पाट्या टाकल्यासारख्या केल्या आहेत. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पोटासाठी काम करणाऱ्या माणसाचं सगळंच काम सोन्याचं नसतं.

मधल्या काळात त्या रंगभूमीवर आल्या, आणि मराठी माणसाने त्यांना आठवायचं तर त्यासाठीही आठवावं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी कामं केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई त्यांनी केली. १९५४ मध्ये शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चं केलेलं रूपांतर 'राजमुकुट' आलं, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल, समोर नानासाहेब फाटक. नानासाहेब म्हणजे आवाजाचा सम्राट! पडद्यावर दोन तपं काढलेल्या बाईने त्यांच्यासमोर लेडी मॅकबेथच्या जातीची भूमिका पेलायची, तीही कॅमेऱ्याशिवाय, रीटेकशिवाय. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी त्यांचा गौरव केला. ती नाटकं आज बघायला मिळत नाहीत, हे आपलं दुर्दैव. त्यामुळे पुढचं माझं म्हणणं तर्क समजा: पन्नाशीनंतरच्या चित्रपटांत त्यांच्या बोलण्याला जो भरीवपणा आला आहे, तो रंगभूमीचा असावा.

तो ऐकायचा तर 'मुघल-ए-आझम'मध्ये. १९६०. जोधाबाई. एकीकडे पृथ्वीराज कपूर, ज्यांचा प्रत्येक शब्द शिलालेखासारखा, दुसरीकडे दिलीपकुमार, जे ओठांतल्या ओठांत बोलून बाजी मारतात. दोघांच्या बोलण्याची पट्टीच वेगळी. या दोन पट्ट्यांना जोडणारं माणूस पडद्यावर एकच आहे. नवऱ्याशी बोलताना दुर्गाबाई त्याच्या पल्ल्यावर जातात, मुलाशी बोलताना खाली येतात, आणि कुठेही सांधा दिसत नाही. पुढच्या वेळी चित्रपट बघाल तेव्हा मधुबालेवरची नजर थोडी काढून एवढं तपासा. आणि आणखी एक: 'सीता'मध्ये राम होते हेच पृथ्वीराज. राम-सीता सव्वीस वर्षांनी अकबर-जोधा होऊन समोरासमोर उभे राहिले. एकमेकांच्या श्वासाचा अंदाज असलेले नट असे असतात.

उलट टोकाला 'द हाउसहोल्डर', १९६३. जेम्स आयव्हरींचा पहिला कथाचित्रपट, शशी कपूर आणि लीला नायडू. मुलाच्या संसारात येऊन ठाण मांडणारी, सुनेच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी आई. राजवाडा नाही, पल्लेदार वाक्य नाही. कुरकुर, उसासे आणि तिरपा कटाक्ष, एवढ्यावर बाई हसवतात. हा चित्रपट पाहिला की त्यांच्यावर "भारदस्त" एवढाच शिक्का मारणाऱ्यांचं तोंड बंद होतं.

आता तुमच्या 'बॉबी'तल्या आजीबद्दल. १९७३. मिसेस ब्रगांझा, श्रीमंत घरातल्या मुलाला लहानपणी सांभाळलेली बाई. त्याच्या वाढदिवसाला ती नातीला घेऊन त्या बंगल्यावर येते, आणि पार्टीत तिला कोणी धड विचारत नाही. ती अपमान गिळून निघून जाते. सगळा चित्रपट या एका प्रसंगावरून पुढे सरकतो, नाहीतर मुलगा तिच्या घरी जाणार कशाला? दुर्गाबाई इथे डोळ्यांत पाणी आणून दया मागत नाहीत. नोकरी केलेल्या घरात पाहुणी म्हणून आल्यावर माणूस जसा अवघडतो, तशा त्या अवघडतात. गोव्याच्या मुळाच्या लाडांच्या घरातली मुलगी ब्रगांझांची आजी झाली, हा योगायोग मला उगाच सुखावतो. त्याच वर्षीच्या 'अभिमान'मधली मावशी, आणि १९७४ च्या 'बिदाई'तली आई, हीही कामं बघण्यासारखी. 'बिदाई'ला फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९६८ ला पद्मश्री, नंतर १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार.

अभिनयाखेरीज त्यांनी पन्नासच्या दशकात लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपटांचा व्यवसायही उभा केला. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स'ची. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन. तुमच्या घरातल्या मोठ्यांना वागळे पाठ असेल, निर्मिती कोणाची ते विचारून बघा. नात्यांचं म्हणाल तर शुभा खोटे आणि विजू खोटे ही त्यांच्या दिराची, नंदू खोटे यांची मुलं. आणि विजया मेहता एकेकाळी त्यांच्या सूनबाई. २२ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत दुर्गाबाई गेल्या.

तर क्रम असा लावा. आधी 'अमर ज्योती'. मग 'मुघल-ए-आझम' आणि 'द हाउसहोल्डर' पाठोपाठच्या दोन दिवशी, म्हणजे एकाच नटीच्या आवाजाचे दोन टोकांचे वापर लक्षात येतील. 'भरत मिलाप' मिळाला तर जरूर, तो पौराणिक असल्याने धीर धरावा लागेल. 'अयोध्येचा राजा'कडे त्यानंतर परत जा, आणि तोही इअरफोन लावून, फक्त टेंबे आणि दुर्गाबाई यांच्या बोलण्यातला फरक ऐकायला. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची प्रत काळाने ठेवली नाही, हा चित्रपट मात्र बघायला मिळतो. तेवढ्यासाठी तरी अर्ध्यावर सोडू नका.

आणि 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र वाचा. मराठीत मिळालं नाही तर शांता गोखल्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. सिनेमाचे किस्से त्यात आहेतच, पण ते नंतर वाचलेत तरी चालेल. संपन्न घरातून ओढगस्तीत आल्यावर पैशासाठी काय काय करावं लागलं, हे त्यांनी ज्या मोकळेपणाने लिहिलं आहे ती पानं आधी वाचा. करार न धरणारी बाई कशातून घडली, ते तिथे सापडेल.